घरच्या योगाभ्यासासाठी पुस्तकांची आणि चित्रफितींची निवड

वेलचेरी हे चेन्नईच्या दक्षिणेकडील उपनगर. एके काळी तळ्याच्या पाण्यावर भात पिकविणारे ते गाव होते. २००० साली शेजारच्या तरमणीत टायडेल पार्क उभे राहिले, २००७ मध्ये उन्नत रेल्वेमार्ग वेलचेरीपर्यंत येऊन पोचला आणि शेतांच्या जागी बहुमजली इमारती आल्या. संगणकाच्या नोकरीसाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली कुटुंबे आज तेथे राहतात. पुण्या-नागपूरकडची मराठी कुटुंबेही त्यांत आहेत. अशा घरातील चाळिशी ओलांडलेला गृहस्थ दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत बसून काढतो. पाठ धरते, रक्तदाबाची गोळी सुरू होते आणि डॉक्टर सांगतात, योगासने करीत जा. वर्गाची वेळ कामाच्या वेळेशी जुळत नाही. मग सतरंजी अंथरून घरीच अभ्यास सुरू होतो. समोर एखादे पुस्तक असते, नाहीतर मोबाइलवरील चित्रफीत. परंतु कोणते पुस्तक आणि कोणती चित्रफीत?

या प्रश्नाचा विचार करण्यास वेलचेरीइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. तेथून समुद्रकिनाऱ्याकडे जाणाऱ्या त्याच रेल्वेमार्गावर मंदवेली नावाचे स्थानक लागते. त्या भागात १९७६ मध्ये टी. के. व्ही. देशिकाचार यांनी कृष्णमाचार्य योग मंदिरम् ही संस्था स्थापन केली. ज्यांचे नाव संस्थेला दिले ते तिरुमलै कृष्णमाचार्य हे देशिकाचारांचे वडील व गुरू. त्यांचा जन्म १८८८ चा. म्हैसूरच्या राजवाड्यातील योगशाळेत त्यांनी अनेक वर्षे शिकविले. पुढे राजाश्रय संपला आणि १९५२ मध्ये ते मद्रासला आले. १९८९ मध्ये निधन होईपर्यंत याच शहरात त्यांचे वास्तव्य होते. आज जगभर योगाची जी पुस्तके विकली जातात, त्यांतील पुष्कळांचे मूळ शोधीत गेल्यास या एका माणसापाशी येऊन थांबावे लागते.

आणि गंमत अशी की, हा माणूस मद्रासमध्ये पुस्तकावरून शिकवीत नसे. म्हैसूरला असताना १९३४ साली त्यांनी कन्नडमध्ये ‘योगमकरंद’ लिहिले होते. पण मद्रासमधील त्यांचे शिकविणे प्रामुख्याने एकेका माणसाला समोर बसवून, त्याचे वय, व्यवसाय आणि दुखणे पाहून होत असे. एकाला जे दिले ते दुसऱ्याला देतीलच असे नाही. म्हणजे ज्या परंपरेतून इतकी पुस्तके निघाली, त्या परंपरेचा गाभाच पुस्तकात न मावणारा आहे. छापील पानाला वाचणाऱ्याचे गुडघे दिसत नाहीत. पडद्यावरील शिक्षकाला पाहणाऱ्याची मान दिसत नाही. तेव्हा आपल्याकडे पाहू न शकणारा हा शिक्षक ती उणीव कितपत ओळखून आहे आणि ती भरून काढण्यासाठी काय करतो, हे निवड करताना पाहिले पाहिजे. चित्रांचे सौंदर्य हा त्यानंतरचा विषय.

उदाहरणादाखल या परंपरेतीलच दोन ग्रंथ घेऊ. कृष्णमाचार्यांचे मेहुणे आणि शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यास आले आणि पुण्याचेच झाले. त्यांचा ‘लाइट ऑन योग’ हा इंग्रजी ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीत तो ‘योगदीपिका’ या नावाने आलेला आहे. देशिकाचारांचा ‘द हार्ट ऑफ योग’ आला १९९५ मध्ये. गुरू एकच, पण उत्तानासनाचे पान दोन्ही पुस्तकांत उघडावे. उभे राहून पुढे वाकावयाचे आणि हात जमिनीकडे न्यावयाचे, इतकेच ते आसन. अय्यंगारांच्या ग्रंथात पाय ताठ आहेत, गुडघे मुळीच वाकलेले नाहीत, आणि त्या स्थितीत स्थिर राहावयाचे आहे. देशिकाचारांचा भर पाठीच्या कण्यावर आणि श्वासावर आहे. कणा मोकळा होत असेल तर गुडघे थोडे वाकले तरी त्यांना चालते. श्वास सोडीत वाकावे, श्वास घेत वर यावे, असे काही वेळा करावे आणि मगच थांबावे.

यांत बरोबर कोण? दोघेही, कारण दोघांचीही आपापली शिस्त आहे आणि तिच्यात पुढचे पाऊल मागच्यावर आधारलेले आहे. अनर्थ होतो तो वाचक एकातून ताठ गुडघे आणि दुसऱ्यातून वारंवार वाकणे उचलतो तेव्हा. खुर्चीने आखडलेले मांडीमागचे स्नायू लांबत नाहीत, आणि सगळा ताण कमरेच्या मणक्यांवर येऊन पडतो. घरी अभ्यास करणाऱ्याने सुरुवातीला पुस्तक एकच ठेवावे, असे जाणते शिक्षक सांगतात, ते याच कारणाने. दुसरे पुस्तक जरूर वाचावे, पण सतरंजीवर आणू नये.

‘योगदीपिका’विषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण मराठी घरांत हे पुस्तक फार दिसते आणि फार चुकीच्या पद्धतीने वापरले जाते. त्यात सुमारे सहाशे छायाचित्रे आहेत. पुस्तक हाती आले की माणूस ती छायाचित्रे चाळतो. सराव करून लवचीक झालेले ते शरीर पाहून काहीजण थक्क होतात, काहीजण घाबरून पुस्तक मिटतात, आणि काही धाडसी लोक मधलेच एखादे पान उघडून प्रयत्नाला लागतात. वास्तविक प्रत्येक आसनाच्या नावापुढे एक अंक छापलेला आहे. १ पासून ६० पर्यंतचे हे अंक काठिण्य दर्शवितात. अंक जितका लहान तितके आसन सोपे. पुस्तकाच्या शेवटी तीनशे आठवड्यांचा, म्हणजे जवळजवळ पावणेसहा वर्षांचा अभ्यासक्रम दिलेला आहे. ज्याला हे पुस्तक वापरावयाचे आहे त्याने ते मागून उघडावे. पहिल्या आठवड्यांच्या यादीत जी थोडी आसने आहेत, तेवढीच त्याची. बाकीचे सारे पुस्तक त्याच्यासाठी अद्याप छापलेच गेलेले नाही असे समजावे.

प्राणायामाबाबत या ग्रंथकाराचाच संयम पाहण्यासारखा आहे. त्यांचा प्राणायामावरील स्वतंत्र ग्रंथ १९८१ मध्ये, म्हणजे आसनांच्या ग्रंथानंतर पंधरा वर्षांनी आला. याउलट पंधरा मिनिटांत आसन, प्राणायाम, बंध आणि ध्यान उरकून देणाऱ्या चित्रफिती आज हव्या तितक्या मिळतात.

पन्नाशीच्या पुढच्या किंवा अंग आखडलेल्या माणसाला मात्र ‘योगदीपिका’ एकट्याने हाताळणे कठीण जाते. तीतील बहुतेक आसने कोणत्याही आधाराविना केलेली आहेत. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, घडी घातलेली घोंगडी यांचा वापर हे अय्यंगारांचे मोठे कार्य. पण सर्वसामान्य वाचकासाठी तो सचित्र मांडलेला पाहावयाचा असेल तर २००१ मधील ‘योग : द पाथ टु होलिस्टिक हेल्थ’ हा त्यांचा ग्रंथ पाहिला पाहिजे. तो जाडजूड आहे आणि महागही आहे. अशा वेळी ग्रंथालयाचा आधार घ्यावा. वेलचेरीच्या रहिवाशाला तर त्याच रेल्वेमार्गावर कोट्टूरपुरम् येथे २०१० मध्ये सुरू झालेले अण्णा शताब्दी ग्रंथालय आहे. विकत घेण्यापूर्वी तासभर बसून चार पुस्तकांतील एकच आसन ताडून पाहिले तर अर्धी निवड तेथेच होते. आसनात कसे जावे हे सगळीच पुस्तके सांगतात. त्यातून बाहेर कसे यावे हे किती सांगतात? आसन कोणी करू नये याचा उल्लेख त्याच पानावर आहे, की प्रस्तावनेतील एका ओळीत? श्वास केव्हा घ्यावयाचा आणि केव्हा सोडावयाचा हे स्पष्ट आहे काय? ‘या आसनाने मधुमेह बरा होतो’ अशी सरळ ग्वाही जेथे दिलेली असेल, ते पुस्तक फळीवर परत ठेवावे.

या बाबतीत महाराष्ट्रातील जुन्या पिढीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईजवळच्या वर्सोव्यात आपली संस्था काढली आणि योग गृहस्थाश्रमी माणसाच्या आटोक्यात आणला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. क्षकिरणे आणि दाबमापक यंत्रे लावून आसनांच्या व बंधांच्या वेळी शरीरात काय घडते याची त्यांनी तपासणी केली. कुवलयानंदांचे आसनांवरील पुस्तक आज काहीसे कोरडे वाटेल. त्यात मोहक छायाचित्रे नाहीत, समुद्रकिनारा नाही, सूर्यास्त नाही. पण सामान्य प्रकृतीच्या माणसाने किती करावे आणि कोठे थांबावे याचे भान त्याच्या पानोपानी आहे. नवशिक्याला असा कोरडेपणा फार उपकारक ठरतो.

मूळ ग्रंथ वाचण्याची इच्छा अनेकांना होते. ते अवश्य वाचावेत, पण अपेक्षा नीट ठेवून. पतंजलीच्या सुमारे १९५ सूत्रांपैकी आसनाविषयीची सूत्रे अवघी तीन आहेत. ‘हठप्रदीपिके’त पंधरा आसनांचे वर्णन आहे, ‘घेरंडसंहिते’त बत्तीस; आणि तेही गुरू जवळ आहे असे गृहीत धरून. सतरंजीवर उघडून ठेवण्याचे हे ग्रंथ नव्हेत.

आता चित्रफितींकडे वळू. १९३८ मध्ये म्हैसूरला कृष्णमाचार्यांच्या अभ्यासाचे चित्रीकरण झाले होते. त्यात पन्नाशीला आलेले गुरू आणि एकोणीस-वीस वर्षांचे अय्यंगार दिसतात. तो मूकपट आज कोणालाही सहज पाहता येतो. शिष्य एका अवघड स्थितीतून दुसरीत असा जातो की पाहणाऱ्याचे भान हरपते. पण त्या चित्रपटात श्वासाची सूचना ऐकू येत नाही आणि त्या अभ्यासामागची वर्षेही दिसत नाहीत. हा चित्रपट पाहावा, आनंद घ्यावा आणि त्याबरहुकूम करू नये. आजच्या कित्येक चित्रफिती रंगीत आणि बोलक्या असूनही त्याच जातीच्या आहेत. त्या प्रात्यक्षिक दाखवितात, पाठ देत नाहीत.

पाठ देणारा शिक्षक बोलण्यावरून ओळखू येतो. तो आसन करून दाखविताना अर्ध्यावर थांबतो आणि ज्यांना एवढेच जमते त्यांनी येथेच राहावे असे सांगतो. शेजारी एखादा स्थूल किंवा वयस्क विद्यार्थी घेऊन त्याच्याकडून खुर्चीच्या आधाराने तेच आसन करवून घेतो. समोर तोंड करून उभा असेल तर उजवे-डावे कोणाचे, हे तो आधी स्पष्ट करतो. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने २०१५ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय योगदिनासाठी जो सामाईक कार्यक्रम तयार केला, तो पुस्तिका आणि चित्रफीत अशा दोन्ही रूपांत मिळतो. त्याला पाऊण तासाच्या आत-बाहेर वेळ लागतो आणि मानेच्या व सांध्यांच्या साध्या हालचालींपासून त्याची सुरुवात होते. शीर्षासन त्यात नाही, ही त्याची मोठीच जमेची बाजू. त्याच मंत्रालयाने कचेरीत बसणाऱ्यांसाठी पाच मिनिटांचा एक क्रमही काढला. त्यात नवल वाटावे असे काही नाही. पण नऊ तासांच्या खुर्चीला ती पाच मिनिटे ठाऊक असलेली बरी.

चित्रफितीत एक धोका मात्र असा आहे, जो पुस्तकात नाही. सर्वांगासनात किंवा हलासनात शरीराचा भार खांद्यांवर असतो आणि मान दुमडलेली असते. त्या स्थितीत पडद्यावर पुढे काय चालले आहे हे पाहण्यासाठी मान वळविली, तर इजा होण्यास तो एक क्षण पुरेसा असतो. म्हणून चित्रफीत प्रथम बसून, वही जवळ घेऊन, संपूर्ण पाहावी. अभ्यासाच्या वेळी पडदा झाकून केवळ आवाज ऐकावा. आवाजावरून काय करावयाचे ते कळत नसेल, तर ती चित्रफीत निवडण्यायोग्य नव्हती.

ज्यांनी पुस्तक वा चित्रफीत यांवर विसंबून मुळीच राहू नये अशीही माणसे आहेत. काचबिंदू असलेल्याने डोके खाली व धड वर नेणारी आसने केली तर डोळ्यातील दाब वाढतो. वेदना होत नाही, त्यामुळे कळतही नाही. नियंत्रणात नसलेला रक्तदाब, मानेच्या मणक्यांची झीज, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गर्भारपण, या सर्व अवस्थांत प्रथम डॉक्टर आणि मग समोर बसलेला शिक्षक, असाच क्रम हवा. सुरुवातीला उल्लेख केलेला गृहस्थ रक्तदाबाची गोळी घेतो, हे विसरता येणार नाही. त्याने पाहिलेल्या चित्रफितीतील तरुणाला गोळी लागत नाही. वेगाने करावयाचे कपालभाती आणि भस्त्रिका हे प्रकारही त्याने विचारल्याशिवाय करू नयेत.

हवामानाचाही विचार करावा. परदेशात खोली मुद्दाम चाळीस अंशांपर्यंत तापवून आसने करण्याची एक पद्धत निघाली आहे आणि तिच्या चित्रफितीही आहेत. वेलचेरीकराला मे महिन्यात हा खर्च करावा लागत नाही. त्याने पहाटे पाचच्या सुमारास पंख्याखाली अभ्यास उरकावा हे उत्तम.

शेवटी एक अगदी साधी अडचण. कागदी बांधणीचे पुस्तक जमिनीवर उघडे राहत नाही. पाय ठेवून दाबावे तर पान फाटते, आणि आसनात असताना हात मोकळा नसतो. देशिकाचारांच्या परंपरेत यावर जुना उपाय आहे. ज्याचा त्याचा क्रम एका कागदावर काडीच्या माणसांच्या आकृतींनी काढावयाचा, आणि प्रत्येक आकृतीजवळ श्वास घेण्याची वा सोडण्याची खूण करावयाची. निवडलेल्या पुस्तकातून आठ-दहा आसने घेऊन असा कागद स्वतः तयार करावा. चित्रकला येत नसली तरी हरकत नाही. डोके, कणा, हात-पाय एवढ्या रेघा पुरतात. दोन-तीन महिन्यांनी तोच कागद एखाद्या जाणत्या शिक्षकाला दाखवावा, म्हणजे कोणती आकृती खोडावी आणि कोणती कोठे हलवावी हे त्याला चटकन सांगता येते. तोपर्यंत तो सतरंजीसमोर, डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटवून ठेवावा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत.