विळ्यावर चढणारे तांबे
(अध्यक्षीय भाषण)



  विषय आहे विद्यापीठातले विद्युतरसायन. प्राध्यापकांचे हे अधिवेशन द्राक्षांच्या तासगावात भरले आहे, म्हणून सुरुवात द्राक्षबागेतून करतो.

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला की मणेराजुरी-सावळजकडे केवडा रोगाची धास्ती बसते आणि बोर्डो मिश्रणाची तयारी सुरू होते. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंपांत कालवायचे, कारण लोखंडी भांडे इथे चालत नाही. मिश्रण झाले की त्यात विळा किंवा चाकू बुडवून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी निवळी घाला. मोकळे तांबे उरले तर कोवळी पाने भाजतात. ही परीक्षा बागायतदाराला तोंडपाठ असते. आपल्या वर्गात मात्र ती क्वचितच पोहोचते.

समजा, ती परीक्षेत विचारली. आपला विद्यार्थी लिहील: लोखंडाचे प्रमाण पोटेन्शियल उणे ०.४४ व्होल्ट, तांब्याचे अधिक ०.३४, फरक ०.७८, म्हणून लोखंड विरघळते आणि तांबे बसते. पैकीच्या पैकी गुण. आता पुढचा प्रश्न विचारा. चुना घालून पीएच ७ वर आणला, तांबे हायड्रॉक्साइडच्या रूपाने खाली बसले असे धरले, तर विद्राव्यता गुणाकारावरून लिटरमागे मोलचे दोन दशलक्षांश एवढे तांब्याचे आयन उरतात. ही संहती नर्न्स्टच्या समीकरणात घाला. तांब्याचे पोटेन्शियल उतरते ते ०.१७ व्होल्टपर्यंतच. लोखंडाशी अजून ०.६ व्होल्टचे अंतर आहे! म्हणजे आपल्या गणितानुसार विळा चांगल्या मिश्रणातही तांबडा व्हायला हवा. प्रत्यक्षात तो स्वच्छ निघतो आणि गडी पंप पाठीला लावून फवारायला जातो.

इथे आपला विद्यार्थी अडकतो आणि त्याला अडकवणारे आपणच आहोत. उत्तर वेगात आहे. सुरुवातीच्या द्रावणात लिटरमागे ०.०४ मोल तांबे होते, आता ते वीस हजार पटींनी घटले. पात्यापर्यंत आयन विसरणाने येतात, ते त्याच पटीने कमी येणार. जो थर क्षणात दिसायचा, त्याला तासन्‌तास लागतील. शिवाय चुना थोडा पुढे जाऊन द्रावण अल्कधर्मी झाले की लोखंडावर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि ते विरघळायला कुरकुरते. क्रिया घडू शकते की नाही, हे पोटेन्शियल सांगते. ती किती वेळात घडेल याबद्दल ते अवाक्षर काढत नाही.

माझी तक्रार एवढीच आहे आणि अध्यक्षपदाचा फायदा घेऊन ती ठासून मांडतो. पदवीच्या वर्षांत आपण व्होल्टाच्या १८०० सालापासून निघतो, फॅरडेला नमस्कार करतो, कोलराउशचा नियम घेतो, आगर-आगरचा क्षारसेतू भरतो आणि नर्न्स्टच्या १८८९ ला मुक्काम ठोकतो. वेगाचे गणित मांडणारे टाफेलचे समीकरण १९०५ चे. ते एमएस्सीला भेटते, तेही युनिट संपत आले असताना, ‘हे वाचून घ्या’ म्हणून. म्हणजे समतोल तीन वर्षे आणि वेग तीन तास. गणिते सोडवायला सोपी, पेपर तपासायला सोपे, हे मला कळते. पण गंजणारे नळ, चार्ज होणारी बॅटरी, मुलामा चढणारे दागिने यांपैकी समतोलात काहीच बसलेले नसते. मुलामा देणाऱ्या हुपरीच्या कारागिराला विचारा. फॅरडेच्या नियमाने किती ग्रॅम धातू बसेल ते निघते, पण करंट वाजवीपेक्षा जास्त सोडला की थर काळपट आणि भुसभुशीत येतो, हे त्याला हाताने माहीत आहे. आपल्या पदवीधराला ते माहीत नसते.

या विषयाचा बागांशी संबंध आजचा नाही. फ्रान्समधल्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद-चुना शिंपडत. हेतू इतकाच की फळे विषारी दिसावीत आणि वाटसरूंनी ती तोडू नयेत. १८८२ मध्ये बोर्दोचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांना दिसले की नेमक्या त्याच वेली केवड्यातून वाचल्या आहेत. १८८५ मध्ये त्यांनी कृती प्रसिद्ध केली. द्राक्षचोरांचे एवढे उपकार दुसऱ्या कुठल्या शास्त्रावर नसावेत.

पीएच मीटरची कथाही फळांचीच. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय फळांच्या प्रयोगशाळेत काम करणारा जुना वर्गमित्र आर्नल्ड बेकमनकडे अडचण घेऊन आला. लिंबाच्या रसात टिकाऊपणासाठी सल्फर डायऑक्साइड घातलेला असे. त्याने लिटमसचा रंग उडे आणि हायड्रोजन इलेक्ट्रोड निकामी होई. काचेचा इलेक्ट्रोड चालला असता, पण त्याचा रोध प्रचंड आणि करंट अतिक्षीण. बेकमनने त्याला व्हॅक्यूम ट्यूबचा अॅम्प्लिफायर जोडला. तासगावच्या बेदाण्यालाही गंधकाची धुरी देतात, तोच वायू. आणि धुरीच्या आधी मणी ज्या द्रावणात बुडवतात, त्या पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणाचा पीएच ११ च्या आसपास लागतो.

आता गंमत पाहा. मीटर ४ आणि ७ च्या बफरवर लावून कोणी ११ वाचायला बसला, तर आकड्यावर किती भरवसा ठेवायचा? १० चा बफर हवाच. तेलकट ओलिएटचा लेप काचेच्या फुग्यावर बसला की काटा आळसावतो, म्हणून फुगा दर वेळी धुवायला हवा. पीएचमधल्या एका एककाला २५ अंशांवर ५९ मिलिव्होल्ट मिळतात, पण उन्हाळ्यात बेदाण्याच्या रॅकच्या शेडखाली पारा ४० ला गेला की ६२. तापमान-दुरुस्तीची कळ मीटरवर का असते, हे नर्न्स्टचे समीकरण घोकलेल्या किती जणांना सांगता येईल?

ईसीचेही, म्हणजे पाण्याच्या विद्युतवाहकतेचेही, तसेच. तासगावचा बागायतदार बोअरच्या पाण्याची ईसी विचारतो आणि खारे पाणी निघाले तर डॉगरीज खुंट लावतो. द्राक्षाला पाण्याची ईसी मीटरमागे १ डेसिसायमनच्या वर गेली की उत्पन्न घटण्याची चाहूल लागते. आपण बीएस्सीला सेलचा स्थिरांक काढतो, ०.१ नॉर्मल पोटॅशियम क्लोराइड वापरतो, जर्नल पूर्ण करतो. पण वाहकता अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून दुपारी विहिरीवर आणि सकाळी प्रयोगशाळेत घेतलेले आकडे जुळत नाहीत, हे जर्नलमध्ये येत नाही.

याचा अर्थ आपल्याकडे काम झालेले नाही असा नव्हे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी साध्या रासायनिक आणि विद्युतरासायनिक पद्धतींनी पातळ थर आणि सुपरकपॅसिटरवर केलेले काम जगभर वाचले जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विकसित झालेल्या इंधनघटावर २०२० मध्ये मोटार चालवून दाखवली गेली. ही कामे करणारी मुले आपल्याच तालुक्यांच्या कॉलेजांतून पुढे जातात. फक्त वेगाचा धडा त्यांना तिथे गेल्यावर पहिल्यापासून गिरवावा लागतो.

म्हणून अभ्यासमंडळांवरच्या सहकाऱ्यांना विनंती. नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम पुन्हा बांधायला घेतले आहेतच, तर टाफेलचे समीकरण पदवीच्या शेवटच्या वर्षात आणा. त्यासाठी महागडे पोटेन्शिओस्टॅट नको. दोन इलेक्ट्रोड, कॅलोमेल, बदलता रोध आणि दोन मल्टिमीटर पुरतात. संहती-घटांच्या दोन सिद्धता गाळाव्या लागल्या तर गाळा, कोणी रडणार नाही. आणि विभागप्रमुखांनो, फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट आता हाताशी आहेत. पुढच्या सत्रात दोन-दोन मुलांना एकेका गावातल्या विहिरी आणि बोअर वाटून द्या. ईसी आणि पीएच तापमानासह नोंदवून घ्या आणि तो तक्ता आधी त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, विद्यापीठाला नंतर पाठवा.