भिंतीवरची हल्ली

लग्न होऊन धारवाडला आले, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या अज्जी आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या, ‘हल्ली! हल्ली!’ हल्ली काय झालं ते त्या सांगतील म्हणून मी वाट बघत राहिले. तेवढ्यात डब्यांच्या फळीवरून पाल सरकली. कन्नडमध्ये पालीला हल्ली म्हणतात!

आपल्या मनात शंकेची पाल चुकचुकते. अज्जींचा हिशेब उलटा: बोलताना हल्ली चुकचुकली की बोललेलं खरं. पालीला दोन्हीशी कर्तव्य नाही. चुकचुकणारा बहुतेक वेळा नर असतो. तो आपली हद्द सांगतो, दुसऱ्या नराला दटावतो, मादीला साद घालतो.

पावसाळ्याच्या तोंडाला वाळवीला पंख फुटतात आणि ट्यूबलाइटभोवती झुंबड उडते. तेव्हा खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल बसली, तर आतून तिचं पोट निरखा. मादी असेल आणि दिवस भरत आले असतील, तर पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी दिसतात. एका खेपेला बहुधा दोनच. कवच कडक, आणि पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने.

त्याच काचेवर बोटंही बघा. तळाला आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केस, एकेका केसाला शेकडो फाटे. ना डिंक, ना चोषण. रेणूरेणूंमधली क्षीण ओढ, तिला वान डर वाल्स बल म्हणतात, इतक्या टोकांशी साठून पालीला तोलून धरते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००२ साली हे प्रयोगाने दाखवलं. पापण्या नसल्यामुळे ती डोळे जिभेने पुसते. ते बघताना मला अजूनही शिरशिरी येते.

शेपटीवर बारीक काट्यांची कडी दिसली, तर ती हेमिडॅक्टिलस फ्रेनाटस असण्याची शक्यता मोठी. ही आशियातली जात मालाबरोबर जहाजांतून ऑस्ट्रेलिया-अमेरिकेपर्यंत गेली. पॅसिफिक बेटांवर नराविना अंडी घालणारी एक पाल आहे, जवळपास सगळ्या माद्याच. दिव्यापाशी जमणारे किडे जहाजातून आलेल्या या पाहुणीने बळकावले आणि त्या बिचाऱ्या मागे हटल्या.

याउलट कोल्हापूरकडच्या जंगलातली, २००९ साली नोंदलेली निमास्पिस कोल्हापुरेन्सिस. ती दिवसा फिरते. दिव्याशी तिचं देणंघेणंच नाही.

आमच्या देवघरातल्या तसबिरीमागे सध्या दोन अंडी आहेत. अज्जींना अजून सांगितलेलं नाही.