फळबागेंतील अग्निकरपा

न्यूयॉर्क राज्यांतील हडसन नदीच्या खोऱ्यांत वसंत आला, म्हणजे परसांतील नासपतीचीं व सफरचंदाचीं झाडें फुलांनीं लहडून जातात. परंतु एखाद्या वर्षीं बहर ओसरतो न ओसरतो तोंच कोंवळे शेंडे काळे पडून आंकडीसारखे वांकतात, आणि करपलेलीं पानें न गळतां फांदीलाच लोंबत राहतात. जणु रात्रींतून कोणी झाडावर पलिताच फिरविला! म्हणूनच या रोगास तिकडे ‘फायर ब्लाइट’, म्हणजे अग्निकरपा, हें नांव पडलें. इ. स. १७८० च्या सुमारास तो प्रथम याच खोऱ्यांत दिसला.

दीर्घकाळ लोकांनीं कधीं विजेला, तर कधीं किड्यांना दोष दिला. पुढें इलिनॉयचे थॉमस बरिल यांनीं हा सूक्ष्म जंतूंचा प्रताप असल्याचें दाखविलें, आणि १८८५ सालीं जोसेफ आर्थर यांनीं तें प्रयोगानें सिद्ध केलें. जंतूंमुळें वनस्पतीसही रोग जडतो, हें जगास प्रथम या रोगानेंच शिकविलें.

हे जंतु फांदीवरील खोलगट, काळसर व्रणांत हिंवाळा काढतात. वसंतांत तेथून चिकट स्राव पाझरतो. पाऊस, माश्या व मधमाश्या तो फुलांत पोंचवितात. हवा उबदार व दमट असली कीं रोग फुलांतून डहाळींत, डहाळींतून फांदींत आणि अखेर खोडांत उतरतो.

येथेंच घरधन्याची कसोटी लागते. झाड वडिलांच्या हातचें. त्यावर कात्री चालवावयास मन धजत नाहीं. तो काळा भाग तेवढा छाटतो आणि समाधान मानतो. परंतु हिरव्या दिसणाऱ्या सालीखालीं जंतु आधींच पुढें सरकलेले असतात! म्हणून रोगाच्या शेवटच्या खुणेपासून आठ ते बारा इंच खालीं, निरोगी लांकडांत, कोरड्या दिवशीं छाट घ्यावी. प्रत्येक छाटीनंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलानें पुसावी. छाटलेल्या फांद्या बागेंत पडूं देऊं नयेत. हिंवाळ्यांत जुने व्रण शोधून तेही काढावे. रोग खोडांतच शिरला असेल, तर शेजारच्या झाडांसाठीं तें झाड काढणेंच श्रेयस्कर.

औषधावर सारी भिस्त ठेवूं नये. फुलोऱ्यांत फवारलेलें स्ट्रेप्टोमायसिन रोगास अटकाव करतें, पण जडलेला रोग बरा करीत नाहीं. शिवाय त्यास न जुमानणारे जंतु १९७१ सालींच कॅलिफोर्नियांत आढळले. नत्रयुक्त खताचा अतिरेकही टाळावा. त्यानें फुटणारे लुसलुशीत धुमारे रोगास आमंत्रणच देतात. नवें झाड लावतांना बार्टलेट नासपतीपेक्षां ‘हॅरो स्वीट’ आणि सफरचंदांत ‘लिबर्टी’, अशा रोगास दाद न देणाऱ्या जाती निवडाव्या.

झाडावरील माया खरी, पण ती हात आंखडणारी नसावी. वेळीं गमावलेली एक फांदी सबंध झाड राखते.