ढगातले रान आणि नाथसागराचे पाणी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही कॉलेजात शिकलेले वक्ते नाही. सूतगिरणीतली माणसं. तेव्हा गिरणीतल्याच गोष्टीपासून सुरुवात करतो. रिंगफ्रेम खात्यात हवा कोरडी पडली की धागा तटातट तुटतो. म्हणून पाण्याचे बारीक तुषार सोडून हवा ओली ठेवतात. त्या तुषारांच्या वाटेत एखादा पाइप आला की त्याच्यावर थेंब जमतात आणि टपटप गळतात. पाऊस नाही, नळ नाही, तरी फरशी ओली!

डोंगरमाथ्यावरचे रान नेमके हेच करते. ढग जमिनीला टेकून वाहतो. पाने, फांद्या, खोडावरचे शेवाळ त्यातले कण धरतात आणि खाली सोडतात. अशा रानाला मेघवन म्हणतात. खरी मेघवने मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, तिथे जवळजवळ बारमाही ढग. आपल्या सह्याद्रीत ढग पावसाळ्यापुरते टेकतात, म्हणून आपले रान त्यांचे सख्खे नाही, चुलत म्हणा. महाबळेश्वर, भीमाशंकर, आंबोलीला ते आहे. आणि अकोले तालुक्यात रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या अंगाला आहे. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा अशी झाडे, वाऱ्याने वाकलेली, अंगभर शेवाळ.

आता तुम्ही म्हणाल, पैठणच्या माणसाला अकोल्याचे काय? रतनगडाच्या डोंगरात प्रवरा उगम पावते. १९२६ साली झालेल्या भंडारदरा धरणातून उतरून ती प्रवरासंगमला गोदावरीला मिळते, म्हणजे आपल्या नाथसागराच्या फुगवट्यातच. गोदामाई त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून येते. जायकवाडी काय पैठणच्या पावसावर भरते? आपल्याकडे आभाळ नुसते येऊन जाते. आपल्या घागरीतले पाणी त्या ढगातले.

पाण्यासाठी आम्ही मोर्चे काढले, धरणावर बसलो. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचा हक्क मिळाला, तो सोडायचा नाहीच. पण जुनी निवेदने परवा काढून पाहिली. वरच्या धरणांतून किती टीएमसी सोडा, कधी सोडा, सगळे आहे. त्या धरणांच्याही वर जे रान आहे त्याचा एक शब्द नाही. निवेदने आम्हीच लिहिली होती, तेव्हा दोष दुसऱ्या कुणाला देणार?

हे रान एका दिवसात गेले नाही. शहरांच्या चुलींसाठी कोळसा पाडला गेला. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वर्तक देवराया पाहत फिरले, तेव्हा देवाच्या नावाने राखलेल्या रायांवरही कुऱ्हाड पडत होती. आता रस्ते, रिसॉर्ट, प्लॉट. झाड गेले की माती सुटते. पाऊस एकदम धावतो, आणि माती गाळ होऊन खालच्या धरणात बसते.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. १९८५ ला भीमाशंकर, १९८६ ला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झाले. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. पुढे अधिसूचनेच्या मसुद्यावर मसुदे निघाले, सहावा २०२४ साली!

कोस्टारिका देशात मोंतेवेर्दे म्हणून गाव आहे. १९५१ च्या सुमारास अमेरिकेतून काही कुटुंबे तिथे शेती करायला आली. त्यांनी डोंगरमाथ्याचे रान तोडायचे नाही असे ठरवले. का? तर गावच्या ओढ्याचे पाणी टिकावे म्हणून. साधी माणसे, हिशेब पक्का. १९७२ साली तिथे राखीव जंगल झाले. तरी तिथला सोनेरी बेडूक १९८९ नंतर कुणाला दिसला नाही. कुणी म्हणतात रोग पडला, कुणी म्हणतात हवा तापून ढगच वर सरकला. झाड राखले आणि ढगच निघून गेला तर काय करायचे, याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

एक मात्र सांगतो. त्या डोंगरात महादेव कोळी, ठाकर राहतात. एवढा पाऊस पडूनही तिकडच्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन मैल मैल चालतात. आपले भांडण त्यांच्याशी नाही. अभयारण्याच्या नावाखाली त्यांना हाकलून रान राखा असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही.

म्हणून यंदाच्या निवेदनात दोन मागण्या वाढवल्या आहेत. उगमाकडचे रान राखा, आणि ते राखणाऱ्या पाड्यांना आधी पाणी द्या. मसुदा विहारातल्या वहीत ठेवला आहे. पटले तर सही करा, पटले नाही तर का नाही ते खाली लिहा. आयाबायांनी अंगठा दिला तरी चालेल. वही रविवारपर्यंत इथेच आहे. जयभीम.