किल्ली जुन्या डिस्कवर

कुंभार पिंपळगावात मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. जांब समर्थपासून आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून लोक गाडीला सीपीयू बांधून आणतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट थांबली, तेव्हापासून नवी विंडोज टाकणारे वाढले. त्याबरोबर एक तक्रारही वाढली : "सगळं नीट टाकलं, पण मशीन चालूच होईना." काळ्या स्क्रीनवर एकच ओळ, 'नो बूटेबल डिव्हाइस'.

पीक विम्याच्या दिवसांत सेवा केंद्र चालवणारा एक पोरगा असाच आला. जुनी हार्ड डिस्क आत असतानाच त्यानं नवी एसएसडी बसवली, तिच्यावर विंडोज टाकली, प्रिंटर आणि अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर टाकले, गिऱ्हाइकांची कागदपत्रं नव्या डिस्कवर घेतली. मग जुनी काढली. सकाळी मशीन बंद. "भाऊ, सरळ फॉरमॅट मारा अन् पुन्हा टाका," तो म्हणाला. जुनी डिस्कही तो पुसूनच टाकणार होता.

मी त्याला थांबवलं. बटण दाबल्यावर मशीन आधी स्वतःची मेमरी, कीबोर्ड तपासतं. मग डिस्कवरचा एक छोटा बूट विभाग शोधतं, आणि तो विभाग विंडोजला उठवतो. विंडोज टाकताना जुन्या डिस्कवर असा विभाग आधीच दिसला, की उठवणाऱ्या फायली बहुतेकदा तिथंच जातात. म्हणजे घर नव्या डिस्कवर आणि किल्ली जुन्या डिस्कवर! जुनी डिस्क परत जोडली, बटण दाबलं, आणि त्याचा डेस्कटॉप जसाच्या तसा उभा राहिला. पोरगा खुर्चीतून उठलाच. मग नव्या डिस्कवर शंभर एमबीचा बूट विभाग केला आणि 'बीसीडीबूट' या कमांडनं किल्ली तिकडे हलवली.

दुसरं कारण आणखी साधं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा सेल असतो. आपल्याकडे रात्री विजेच्या बोर्डाचं बटण बंद करतात, लाईटही जाते. मग घड्याळाचा सगळा भार त्या सेलवर. तो उतरला की तारीख कुठल्या तरी जुन्या सालात जाते आणि काही मशीनची बूटची सेटिंगही बदलते. विंडोज टाकलेली असते यूईएफआय या नव्या पद्धतीनं, आणि मशीन जुन्या पद्धतीनं डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचत बसतं. तिथं त्याला काही सापडत नाही. सेल बदला, सेटिंग पूर्वीसारखी करा, झालं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. ती ओळ दिसली की लगेच पुन्हा विंडोज टाकायला बसू नका. आधी मशीनला लावलेला पेनड्राइव्ह काढा. मशीन चालू होताना एफ२ किंवा डिलीट दाबा. कंपनीप्रमाणे बटण वेगळं असतं. उघडलेल्या सेटिंगमध्ये तारीख बघा, डिस्कचं नाव दिसतं का बघा. नाव नसेल तर केबल काढून घट्ट बसवा. नाव असेल, तर तुमच्या लेकराच्या बारशाचे फोटो, गिऱ्हाइकांच्या पावत्या बहुतेक जागेवरच असतात. त्या जातात त्या घाईत मारलेल्या फॉरमॅटनं. माझ्या टेबलावर मी ते फार वेळा पाहिलंय.

त्या पोरानं जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळली, वर पेननं तारीख टाकली आणि खिशात नीट ठेवली. केंद्रापुढं माणसं थांबली होती, म्हणून तो चहाला थांबलाच नाही.