जाहिरातीचा मजकूर आणि प्रयोगाची कसोटी

(दिल्लीतील हिंदूराव परिसरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



या परिसराला ज्यांचे नाव मिळाले ते हिंदूराव घाटगे म्हणजे बायजाबाई शिंदे यांचे बंधू. दिल्लीच्या नकाशावर एक मराठी नाव असे टिकून राहिले आहे. आजचा विषय मात्र वेगळा आहे. शासनाने जनतेला उद्देशून लिहिलेल्या चार ओळी उपयोगी पडल्या की नाही, हे कसे ठरवायचे?

उदाहरण याच शहरातले घेऊ. २ ऑक्टोबर १९९४ रोजी दिल्लीत पल्स पोलिओ मोहीम झाली आणि सुमारे १२ लाख बालकांना डोस पाजण्यात आला. १९९५ पासून ती देशभर राबवण्यात आली. ‘दो बूंद जिंदगी की’ हे घोषवाक्य घरोघरी पोहोचले. तरीही २००२ मध्ये देशात सुमारे १६०० रुग्ण आढळले आणि त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते. त्यानंतरच्या काळात जाहिरातीचा सूर बदलला. अमिताभ बच्चन यांनी विनंती करण्याऐवजी पालकांना खडसावले. रागावलेल्या अमिताभमुळे माता केंद्रावर आल्या, असे पुढे अनेकदा सांगितले गेले.

हा किस्सा मलाही आवडतो. पण उत्तरपत्रिकेत तो पुरावा म्हणून लिहू नका. त्याच वर्षांत युनिसेफच्या सहकार्याने गावोगावी स्थानिक कार्यकर्त्यांचे जाळे उभे राहिले, धर्मगुरूंचे सहकार्य मिळवले गेले, २००५ मध्ये एकसंयुजी आणि २०१० मध्ये द्विसंयुजी लस आली. २००९ मध्येही ७४१ रुग्ण होते; अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात नोंदला गेला. या यशात जाहिरातीचा वाटा किती? सांगता येत नाही, कारण जुनी जाहिरात पाहणारा आणि नवी पाहणारा असे दोन तुल्य गट कोणी ठेवलेच नव्हते.

व्यापारी जगाला ही युक्ती फार पूर्वी सापडली होती. अमेरिकेतील क्लॉड हॉपकिन्स जाहिरातीखाली कूपन छापत. प्रत्येक मजकुराच्या कूपनावर वेगळी खूण असे. परत आलेली कूपने मोजली की कोणत्या मथळ्याने गिऱ्हाईक आणले ते कळे. ‘सायंटिफिक अ‍ॅडव्हर्टायझिंग’ हे त्यांचे पुस्तक १९२३ चे आहे.

सार्वजनिक आरोग्यात असा प्रयोग २०२० मध्ये पश्चिम बंगालमध्ये झाला. नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी यांची अडीच मिनिटांची चित्रफीत लघुसंदेशाद्वारे सुमारे अडीच कोटी लोकांना पाठवण्यात आली. मजकुराचे अनेक नमुने होते: कुठे अंतर राखण्यावर भर, कुठे स्वच्छतेवर, कुठे स्वतःचे हित, कुठे सर्वांचे. कोणाला कोणता नमुना जाणार हे पिनकोडनिहाय यदृच्छेने ठरवले गेले. परिणाम असा की, आरोग्य कार्यकर्त्यांकडे लक्षणे कळवण्याचे प्रमाण दुप्पट झाले. मात्र अंतर आणि स्वच्छता यांपैकी ज्याचा उल्लेख नव्हता, तेही जवळपास तेवढेच वाढले. संदेश न मिळालेल्या शेजाऱ्यांतही तसाच बदल दिसला. नेमक्या शब्दांवर रात्री जागवणाऱ्या लेखकाला हा निष्कर्ष थोडा खट्टू करणारा आहे. पण प्रयोग केला म्हणूनच तो कळला.

आता थोडे गणित. दोन मथळे प्रत्येकी १००० जणांना पाठवले; एकाला ३० प्रतिसाद आले, दुसऱ्याला ४०. दुसरा सरस ठरला का? नाही. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. प्रत्येकी १०,००० जणांत ३०० आणि ४०० आले, तर मात्र योगायोगाची शक्यता जवळपास उरत नाही. म्हणून नमुन्याचा आकार आणि मोजायची गोष्ट आधीच ठरवावी लागते. निकाल मनासारखा दिसताच मोजणी थांबवणे ही तर स्वतःचीच फसवणूक. एका वेळी एकच घटक बदलावा, हेही ओघाने आलेच. मथळा, चित्र आणि दिवस एकदम बदलले, तर आपण पुन्हा पोलिओच्या किश्शापाशी येतो.

आपल्यापैकी काहीजण उद्या जिल्ह्यात काम कराल. तेथे एक प्रश्न हमखास विचारला जाईल: निम्म्या गावांना नवा संदेश आणि निम्म्यांना नाही, हा अन्याय नव्हे काय? बंगालमध्ये तुलनेसाठी ठेवलेल्या सुमारे ३० लाख लोकांना कोरे ठेवले नव्हते. त्यांना शासकीय माहितीकडे नेणारा संदेश गेला होता. तुमच्या जिल्ह्यात तुलनेच्या गटाला काय द्याल, ते प्रयोगाच्या आराखड्यातच लिहावे लागेल.