मूळव्याध, खाज आणि बुरशी



आजचा विषय चारचौघांत काढण्याचा नाही, असे आपण मानतो. सून तो सासूजवळ काढत नाही, बाप मुलाजवळ काढत नाही, आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचलेला माणूसदेखील "पोट साफ होत नाही" एवढेच सांगून परत येतो. सुश्रुताला मात्र ही लाज नव्हती. सुश्रुतसंहितेत अर्शावर, म्हणजे आपल्या मूळव्याधीवर, औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपाय सरळ सांगून ठेवले आहेत. तेव्हा आपणही सरळच बोलू.

पुष्कळांच्या मनात एक शंका असते. मूळव्याध झाली की त्या जागी बुरशी धरते का? की बुरशीमुळेच मूळव्याध होते?

मूळव्याध हा रक्तवाहिन्यांचा विकार आहे. शौचाच्या जागेच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात; त्या तुम्हांला, मला, सर्वांनाच असतात. कोठा जड राहिला, रोज कुंथावे लागले, पोटात गर्भ वाढू लागला, की त्या गाद्या फुगतात, खाली सरकतात, आणि मग आपण म्हणतो, मोड आले. बुरशीचे कुळ निराळे. मोहाची फुले ज्या किण्वामुळे आंबतात, त्याच्याच जातीची, डोळ्यांना न दिसणारी, कॅंडिडा नावाची एक बुरशी आहे. तान्ह्या मुलाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर धरतो ना, तो पुष्कळदा तिचाच. ती आपल्या आतड्यात थोडीफार राहतेच आणि एरवी काही त्रास देत नाही. म्हणजे एकीतून दुसरी जन्मत नाही.

मग दोघी एकत्र दिसतात त्या कशा? हे गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगायला मोठी उपमा शोधावी लागत नाही. आषाढात धानाचा रोवणा सुरू झाला की बांधीत दिवसभर वाकून उभ्या राहणाऱ्या बायांच्या बोटांच्या बेचक्यांत काय होते? चिखल्या होतात. ओली राहून राहून कातडी पांढरी पडते, मऊ होते, फाटते, आणि फाटलेल्या कातडीत बुरशी घर करते. तेच इथे घडते. बाहेर आलेल्या मोडांतून बुळबुळीत पाणी झिरपते. जागा ओली राहते. वर पावसाने भिजलेले लुगडे किंवा घामाने चिकटलेली चड्डी तशीच संध्याकाळपर्यंत अंगावर असते. कातडी हुळहुळते, खाज सुटते, माणूस झोपेत नखांनी खाजवतो, आणि बुरशीला वाट मिळते.

गरोदरपणात तर दोन्ही विकार एकाच बाईला गाठतात. कोठा जड होतो, ओटीपोटावर भार येतो, म्हणून मोड. आणि शरीरातले रस बदलतात म्हणून अंगावरून दह्यासारखे घट्ट पांढरे जाते, त्याची खाज मागेपर्यंत पोहोचते. ती बिचारी सगळ्याला मूळव्याधच समजते. आशाताई वजन करायला आली की हे तिच्या कानावर घालावे. गोंदियाला बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे. तिथे असले दुखणे सांगणारी बाई काही पहिलीच नसते.

मधुमेह असला तरी ही बुरशी फोफावते. प्रतिजैविक गोळ्यांचा कोर्स झाल्यावरही तसे होते, कारण बुरशीला दाबून धरणारे उपकारक जंतूही त्यात मरतात. पुन्हा पुन्हा अशी खाज येणाऱ्याने साखर तपासून घ्यावीच.

आता खरी गफलत कुठे होते ते सांगतो. माणूस लाजेने दवाखाना टाळतो आणि दुकानात जाऊन हळूच म्हणतो, "खाजेची ट्यूब द्या." पुष्कळ वेळा हाती पडते ती स्टेरॉइड मिसळलेली. दोन दिवसांत खाज थांबते, आणि ट्यूबची कीर्ती गावभर होते! पण बुरशी मेलेली नसते. कातडीची झुंजण्याची ताकद तेवढी दबलेली असते. ट्यूब सोडली की खाज दुपटीने येते, बुरशी जांघेपर्यंत पसरते, कातडी पातळ होऊन चिरते. गुरुजी, गावात बारीक अक्षर वाचणारे आपणच. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असे नाव दिसले, तर ती डॉक्टरांनी सांगितल्यावाचून त्या जागी लावू नये, एवढे वाचून दाखवा. रॉकेल, चुना, जंतुनाशकाचे कडक पाणी हेही नको.

करायचे ते साधे आहे. शौचानंतर नुसत्या पाण्याने धुवा, साबणाने घासू नका, आणि मऊ सुती फडक्याने टिपून कोरडे करा. हे टिपणेच आपण विसरतो. बांधीतून आल्यावर ओले लुगडे आधी बदला, चूल मग पेटवा. दिवसातून दोनतीनदा कोमट पाण्याच्या घमेल्यात दहा मिनिटे बसल्याने मोडांचा ठणका उतरतो. मांडीवर सूप घेऊन तासन् तास विड्या वळणाऱ्या बायांनी मधूनमधून उठून चार पावले टाकावीत. आपला आहार भाताचा, आणि भातही पॉलिश केलेला, त्याला कोंडा कसला? हातसडीचा तांदूळ मिळाला तर उत्तम. नाही तर पालेभाजी, डाळ आणि भरपूर पाणी हवे. बुरशी आहे असे डॉक्टरांनी सांगितले तर तिचे मलम सांगितले तितके दिवस लावा. खाज थांबली म्हणून चौथ्या दिवशी सोडू नका.

शाळेतली एक गोष्ट जाता जाता सांगतो. बाकावर सारखे चुळबुळणारे पोर, रात्री ज्याला मागे खाज सुटते, त्याला ना मूळव्याध असते ना बुरशी. बहुधा दोऱ्यासारखे बारीक पांढरे जंत असतात. त्याला छडी नको, जंताची गोळी हवी, आणि नखे कापायला हवीत.

आणि रक्ताचे. मूळव्याधीचे रक्त लालभडक असते, शौचाच्या वेळी थेंबथेंब पडते, दुखत नाही. म्हणूनच लोक वर्षानुवर्षे ते अंगावर काढतात आणि पांढरेफटक पडतात. पण रक्त शौचात मिसळलेले असेल, शौच डांबरासारखे काळे होत असेल, वजन उतरत असेल, किंवा चाळिशीनंतर पोटाची सवय एकाएकी बदलली असेल, तर ती मूळव्याधच आहे असे घरी ठरवू नका. आतड्याच्या कर्करोगाची सुरुवातही अशीच असू शकते, आणि लवकर कळला तर तो बरा होऊ शकतो. डॉक्टर बोटाने तपासतील, गरज पडली तर दुर्बीण घालून पाहतील. जाताना घरात लावत असलेली ट्यूब खोक्यासकट सोबत न्या. आत काय आहे ते त्यांना लगेच वाचता येईल.